भयपटांचा इतिहास वाचायला घेताना: कोणतं पुस्तक आधी, कोणतं नंतर

मुर्नाउच्या 'नोस्फेराटू' (१९२२) या मूकपटात रक्तपिपासू पिशाच्च काउंट ऑर्लोक स्वतःची शवपेटी काखेत धरून निर्मनुष्य गावातून चालत जातो. सिनेमाच्या शेवटी हाच ऑर्लोक सकाळच्या उन्हात विरून जातो. पण गावातून चालताना तर लख्ख दिवस दिसतो! पहिल्यांदा पाहिला तेव्हा मुर्नाउसारख्या दिग्दर्शकाच्या हातून इतकी ढोबळ चूक कशी झाली, हे मला कळेना. उत्तर पुढे वाचनात सापडलं. त्या काळी रात्रीची दृश्यं बऱ्याचदा दिवसाच टिपत आणि फिल्मचा तेवढा तुकडा निळ्या रंगात बुडवत. निळं दिसलं की रात्र, हे प्रेक्षकाला ठाऊक असे. नंतर जगभर फिरलेल्या बऱ्याच प्रती साध्या काळ्यापांढऱ्या होत्या. निळा रंग गेला आणि रात्रीचा दिवस झाला.

जुन्या भयपटांवरची पुस्तकं कशी वाचायची, हे मला या एका गोष्टीने शिकवलं. लेखकाने कोणती प्रत पाहिली, कुठे पाहिली, ती पुन्हा पाहता येत होती का, यावर त्याचं सगळं लिखाण उभं असतं. १९६७ साली लिहिणाऱ्याच्या घरी व्हिडिओ नव्हता. वीस वर्षांपूर्वी एकदाच पाहिलेला सिनेमा आठवून आठवून त्याला लिहावं लागे. म्हणून या विषयावरचं कुठलंही पुस्तक हातात आलं की आधी प्रकाशनाचं साल बघा, मग मुखपृष्ठ. पुढच्या सगळ्या पायऱ्यांमध्ये ही सवय सोबत ठेवायची आहे.

पहिली पायरी: आधी सहा सिनेमे

सिनेमा न पाहता त्याचा इतिहास वाचू नका. ही पुस्तकं शेवट बिनदिक्कत सांगून टाकतात, आणि रहस्यपटाच्या बाबतीत ते नुकसान भरून येत नाही. सुरुवातीला सहाच पुरेत: 'द कॅबिनेट ऑफ डॉ. कॅलिगरी' (१९२०), 'नोस्फेराटू', 'ड्रॅक्युला' (१९३१), 'फ्रँकेन्स्टाइन' (१९३१), 'कॅट पीपल' (१९४२) आणि 'सायको' (१९६०). सगळे मिळून आठ-साडेआठ तासांचा ऐवज. दोन मूकपट मात्र जपून निवडा, कारण इंटरनेटवर त्यांच्या धुरकट, भलत्याच वेगाने पळणाऱ्या प्रती भरपूर आहेत. पुनरुज्जीवित आणि रंग दिलेली प्रत बघा. 'कॅलिगरी'ची अशी उत्तम प्रत २०१४ साली जर्मनीतल्या मुर्नाउ फाउंडेशनने तयार केली.

दुसरी पायरी: एका सिनेमाचं एकच पुस्तक

नवखे वाचक बहुधा 'भयपटांचा संपूर्ण इतिहास' छापाच्या जाडजूड, चकचकीत ग्रंथापासून सुरुवात करतात. तसं करू नका. तीनशे सिनेमांची नावं डोळ्यांसमोरून जातात आणि एकही लक्षात राहत नाही. एकाच सिनेमाच्या जन्माची गोष्ट सांगणारं पुस्तक घ्या. माझ्या मते यासाठी स्टीफन रेबेलो यांच्या 'आल्फ्रेड हिचकॉक अँड द मेकिंग ऑफ सायको' (१९९०) या पुस्तकाला तोड नाही. २०१२ सालचा 'हिचकॉक' हा सिनेमा याच पुस्तकावर बेतला होता.

एक सिनेमा किती माणसांच्या किती बारीकसारीक निर्णयांतून घडतो, हे त्यात दिसतं. हिचकॉक त्या वेळी मोठ्या ताऱ्यांचे, रंगीत, महागडे सिनेमे करत होता. 'सायको' मात्र त्याने काळ्यापांढऱ्यात, आपल्या टीव्ही मालिकेची टोळी घेऊन, सुमारे ८ लाख डॉलरमध्ये केला. रॉबर्ट ब्लॉकच्या कादंबरीचे हक्क स्वतःचं नाव कळू न देता घेतले. न्हाणीघरातल्या खुनाच्या दृश्यातलं रक्त म्हणजे चॉकलेट सिरप. चाकूच्या आवाजासाठी वेगवेगळ्या जातींची खरबुजं आणून त्यांच्यात सुरा खुपसून पाहिला, आणि हिचकॉकने नुसत्या आवाजावरून 'कसाबा' जातीचं निवडलं. त्या दृश्याला संगीत नको, असं हिचकॉकचं मत होतं. संगीतकार बर्नार्ड हरमन यांनी तरीही व्हायोलिनची ती किंकाळी लिहिली, आणि ऐकल्यावर हिचकॉकने मत बदललं.

हे पुस्तक आधी वाचायला सांगण्याचं आणखी एक कारण आहे. न्हाणीघरातलं दृश्य प्रत्यक्षात आपणच दिग्दर्शित केलं, असा दावा रेखाचित्रकार सॉल बास यांनी पुढे केला. अभिनेत्री जॅनेट ली यांनी तो साफ नाकारला. दोघंही सेटवर होती, दोघांच्याही आठवणी ठाम आहेत. अशा वेळी इतिहासकार काय करतो? कोण कुठे होतं, कागद काय सांगतात, कोणाचं म्हणणं कधी बदललं, हे शोधतो. रेबेलो यांनी त्यासाठी त्या चित्रीकरणातल्या अनेकांना गाठलं, आणि तेव्हा ती माणसं हयात होती. तीस वर्षांनी कोणी हेच पुस्तक लिहायला बसलं असतं तर ते जमलं नसतं.

तिसरी पायरी: हिचकॉकच्या तोंडून रहस्य

'सायको' पचला की फ्रान्स्वा त्रुफोचं 'हिचकॉक' घ्या. ऑगस्ट १९६२मध्ये त्रुफो हा तरुण फ्रेंच दिग्दर्शक युनिव्हर्सल स्टुडिओत हिचकॉकसमोर बसला. मध्ये दुभाषी म्हणून हेलन स्कॉट. मूकपटांपासून एकेका सिनेमावर बोलणं झालं. फ्रेंच पुस्तक १९६६ साली आलं, इंग्रजी त्याच्या पुढच्या वर्षी.

भय आणि रहस्य यांची नाळ कुठे जुळते, हे समजायला यातलं टेबलाखालच्या बॉम्बचं उदाहरण पुरेसं आहे. दोघं गप्पा मारत बसलेत आणि अचानक स्फोट होतो: प्रेक्षक काही क्षण दचकतो. आता तोच बॉम्ब प्रेक्षकाला आधी दाखवा, घड्याळही दाखवा आणि त्याच फालतू गप्पा चालू ठेवा: प्रेक्षकाचा पंधरा मिनिटं जीव टांगणीला लागतो. पहिला धक्का, दुसरं 'सस्पेन्स'. आपण मराठीत दोन्हीला 'रहस्य' म्हणून मोकळे होतो, पण हिचकॉकच्या लेखी लपवणं हे रहस्याचं मर्म नव्हतंच. प्रेक्षकाला आधी सांगून ठेवणं हे मर्म होतं.

पुस्तक सलग वाचू नका. पाहिलेल्या सिनेमांचीच पानं वाचा, बाकीची ठेवून द्या. त्या मुलाखतींच्या ध्वनिफिती इंटरनेटवर ऐकायला मिळतात. पुस्तकाशेजारी ठेवून ऐकल्या की छापील संवाद किती घासूनपुसून नेटका केला आहे ते कळतं. शिवाय मुलाखत देणारा गोष्टीवेल्हाळ होता, स्वतःची प्रतिमा जपणारा होता. त्याने सांगितलेला प्रत्येक किस्सा पुरावा मानू नका.

हिचकॉकवर आणखी वाचायचं असेल तर रॉबिन वुड यांचं 'हिचकॉक्स फिल्म्स' (१९६५). हिचकॉकला गंभीरपणे का घ्यावं, या प्रश्नाने ते सुरू होतं. तेव्हा हा प्रश्न खरोखरच विचारावा लागत होता, यातच त्या सालाचं महत्त्व आलं.

चौथी पायरी: ड्रॅक्युलाचा खटला आणि हवानाची वारी

आता डेव्हिड जे. स्काल. 'हॉलिवूड गॉथिक' (१९९०) हे ड्रॅक्युला कादंबरीतून रंगभूमीवर आणि तिथून पडद्यावर कसा आला याचं चरित्र आहे. या सगळ्या यादीतून एकच पुस्तक विकत घ्यायचं असेल तर मी हेच घ्यायला सांगेन.

गोष्टीची नायिका आहे फ्लॉरेन्स स्टोकर, लेखक ब्रॅम स्टोकरची विधवा. १९१२ साली नवरा गेल्यावर 'ड्रॅक्युला'चे हक्क हा तिचा आधार होता. जर्मनीतल्या प्राना-फिल्मने परवानगी न घेता, पात्रांची नावं बदलून 'नोस्फेराटू' काढला, तेव्हा ती कोर्टात गेली. १९२५ साली निकाल तिच्या बाजूने लागला आणि सगळ्या प्रती नष्ट करायचा हुकूम झाला. तरीही काही प्रती वाचल्या, म्हणून आज आपण तो सिनेमा पाहू शकतो. इथे मी वाचता वाचता नेहमी थबकतो, कारण दोन्ही बाजू पटतात: बाईचा हक्क खरा होता, आणि सिनेमा जळला असता तर जगाचं नुकसानही खरं होतं.

१९३१च्या 'ड्रॅक्युला'च्या वेळी बेला लुगोसी आणि मंडळी दिवसा काम करत, आणि रात्री त्याच सेटवर जॉर्ज मेलफर्डच्या दिग्दर्शनाखाली स्पॅनिश 'ड्रॅक्युला' चित्रित होई. डबिंग रुळण्यापूर्वीच्या त्या काळात परदेशी बाजारपेठेसाठी अख्खा सिनेमाच दुसऱ्या भाषेत पुन्हा काढत. ही स्पॅनिश आवृत्ती पुढे विस्मरणात गेली, आणि तिची पूर्ण प्रत पाहण्यासाठी स्काल थेट क्यूबात, हवानाला गेले. प्रत बघायला दुसरा देश गाठणारा लेखक भेटला की त्याच्या पुस्तकावर माझा विश्वास बसतो.

त्यांचंच 'द मॉन्स्टर शो' (१९९३) पुढे वाचा. पहिल्या महायुद्धातून विद्रूप चेहरे घेऊन परतलेले सैनिक आणि मूकपटांतला नट लॉन चेनी याच्या भूमिका, महामंदी आणि १९३१ची भयपटांची लाट, असे दुवे ते जोडतात. सगळेच पटत नाहीत. काही ओढूनताणून आणल्यासारखे वाटतात, पण पुढच्या सिनेमाकडे बघायची नजर ते नक्की देतात.

पाचवी पायरी: जर्मन मूकपट, आणि सालाची खरी परीक्षा

माझ्या शेल्फवर या विषयाचं आलेलं पहिलं पुस्तक म्हणजे झिगफ्रीड क्राकाउअर यांचं 'फ्रॉम कॅलिगरी टू हिटलर', फोर्टातल्या फुटपाथवरून उचललेलं. त्यातला एकही सिनेमा तेव्हा पाहिलेला नव्हता. साठ पानांवर थांबलो आणि दोन वर्षं ते तसंच राहिलं. म्हणूनच इथे त्याला पाचव्या पायरीवर ठेवलं आहे.

क्राकाउअर हे ज्यू पत्रकार. १९३३ साली जर्मनी सोडून पॅरिस, तिथून १९४१मध्ये न्यू यॉर्क. पुस्तक १९४७चं. जर्मन समाजाच्या मनात हिटलरसाठी जमीन कशी तयार होत होती, ते त्या काळच्या सिनेमांत दिसतं, असा त्यांचा सिद्धान्त. मुख्य साक्षीदार 'कॅलिगरी'. मायर आणि यानोवित्झ या लेखकांनी सत्तेच्या वेडाविरुद्ध कथा लिहिली, पण दिग्दर्शक रॉबर्ट वीनेने तिच्याभोवती वेड्यांच्या इस्पितळाची चौकट घातली. मग सांगणाराच वेडा ठरला आणि सत्ता निर्दोष सुटली, असं ते मांडतात. युक्तिवाद इतका देखणा आहे की पुढे कित्येक पुस्तकांनी तो जसाच्या तसा उचलला.

त्याचा आधार होता यानोवित्झचं नंतर लिहिलेलं आठवणींचं हस्तलिखित. पुढे कॅलिगरीची भूमिका करणाऱ्या वेर्नर क्राउस यांच्याकडची मूळ पटकथेची प्रत उजेडात आली. तिच्यातही चौकट आहे! इस्पितळाची नाही, वेगळीच: बऱ्याच वर्षांनंतर कथानायक फ्रान्सिस पाहुण्यांना जुनी गोष्ट सांगतो आहे. म्हणजे 'लेखकांना चौकट नकोच होती' हा पाया खचला.

मग क्राकाउअर वाचायचेच कशाला? कारण ज्याचा देश त्याच्या डोळ्यांदेखत हातचा गेला, तो माणूस न्यू यॉर्कमध्ये बसून तेच जुने सिनेमे पुन्हा बघत 'हे आम्हाला तेव्हाच का दिसलं नाही?' असं विचारतो आहे. त्या प्रश्नाची धग एका पटकथेने विझत नाही. फक्त त्यांची माहिती आणि त्यांचा प्रश्न वेगवेगळे ठेवून वाचा.

सोबत लोटे आयस्नर यांचं 'द हॉन्टेड स्क्रीन' असू द्या (फ्रेंच १९५२, इंग्रजी १९६९). त्यासुद्धा १९३३मध्ये बर्लिन सोडून पॅरिसला गेलेल्या, पुढे तिथल्या सिनेमातेकमध्ये जुन्या फिल्म जपण्यात आयुष्य घालवलेल्या. त्यांचं लक्ष राजकारणापेक्षा प्रकाशावर: रंगकर्मी माक्स राइनहार्टच्या नाटकांतला उजेड-अंधार पडद्यावर कसा आला, जिने आणि सावल्या का सतत दिसतात. छायाचित्रं या पुस्तकाचा निम्मा जीव आहेत. मागणीनुसार छापलेल्या स्वस्त पुनर्मुद्रणांत ती काळी पडलेली असू शकतात, तेव्हा घेण्याआधी आतली पानं उघडून बघा.

सहावी पायरी: शेजारी ठेवायचे संदर्भग्रंथ

टॉम वीव्हर आणि मायकल व जॉन ब्रूनास यांचं 'युनिव्हर्सल हॉरर्स' (१९९०, वाढवलेली आवृत्ती २००७) सलग वाचण्यासाठी नाही. १९३१ ते १९४६ या काळातल्या युनिव्हर्सलच्या भयपटांची एकेक नोंद त्यात आहे. सिनेमा पाहून झाला की नोंद उघडायची. नवीच आवृत्ती घ्या.

ही पुस्तकं १९९०च्या आसपास एकदम का आली? ऑक्टोबर १९५७मध्ये अमेरिकेत 'शॉक' नावाने ५२ जुने सिनेमे टीव्ही केंद्रांना विकले गेले. पुढच्या वर्षी 'फेमस मॉन्स्टर्स ऑफ फिल्मलँड' हे मासिक निघालं. रात्री जागून ते सिनेमे बघणारी आणि ती मासिकं जपून ठेवणारी मुलं मोठी झाली, व्हिडिओ आला, आणि म्हातारे कलाकार अजून भेटत होते. या तिन्ही गोष्टी पुन्हा कधी एकत्र येणार नाहीत.

याच टप्प्यावर 'प्रेसबुक' हा शब्द ओळखून घ्या. स्टुडिओ थिएटरवाल्यांना जाहिरातींची पुस्तिका पाठवत, तीत वर्तमानपत्रांत छापायला तयार किस्से असत. प्रसिद्धी खात्याने रचलेले यातले किस्से जुन्या पुस्तकांत इतिहास म्हणून शिरले आहेत. 'फ्रँकेन्स्टाइन'च्या सुरुवातीच्या श्रेयनामावलीत राक्षसाच्या नावापुढे नुसतं प्रश्नचिन्ह आहे, हे तुम्ही स्वतः पडद्यावर तपासू शकता. एखादी अभिनेत्री सेटवर बेशुद्ध पडली, हे तपासता येत नाही.

त्याच सिनेमात राक्षस लहान मुलीला तळ्यात टाकतो ते दृश्य कापलं गेलं होतं आणि १९८०च्या दशकात परत जोडलं गेलं. मधली कित्येक वर्षं प्रेक्षकांना फक्त पुढे आलेले हात आणि नंतर बापाच्या हातातली मेलेली पोर दिसत होती, आणि त्यावरून मनात येई ते मूळ दृश्यापेक्षा भयंकर होतं. त्याआधीच्या पुस्तकात या प्रसंगाचं वर्णन आलं तर ही कात्री आठवा.

तसंच 'लंडन आफ्टर मिडनाइट' (१९२७). त्याची शेवटची ज्ञात प्रत १९६०च्या दशकात एमजीएमच्या गोदामाला लागलेल्या आगीत गेली. त्यावर ठणकावून मत देणाऱ्या नव्या लेखकाने फक्त स्थिरचित्रं आणि जुनी परीक्षणं पाहिलेली असतात.

सातवी पायरी: दोन आडवाटा

'कॅट पीपल' आवडला असेल तर जोएल सीगल यांचं 'व्हॅल ल्यूटन: द रिअॅलिटी ऑफ टेरर' (१९७२). आरकेओ स्टुडिओने निर्माता ल्यूटनला तीन अटी घातल्या: खर्च दीड लाख डॉलरच्या आत, लांबी ७५ मिनिटांच्या आत, आणि सिनेमाचं नाव स्टुडिओ देईल ते. राक्षस दाखवायला पैसे नाहीत, मग सावली आणि पावलांचा आवाज. रात्रीच्या रस्त्यावरून एकटी चालणारी बाई आणि अचानक फिसकारत येऊन थांबणारी बस: भयपटातला तो दचका तेव्हापासून 'ल्यूटन बस' म्हणूनच ओळखला जातो.

दुसरी वाट इंग्लंडची: डेव्हिड पीरी यांचं 'अ हेरिटेज ऑफ हॉरर' (१९७३). हॅमर कंपनीचे भडक, रंगीत 'द कर्स ऑफ फ्रँकेन्स्टाइन' (१९५७) आणि 'ड्रॅक्युला' (१९५८) समीक्षकांनी झिडकारले होते. अमेरिकेचा वेस्टर्न तसा ब्रिटनचा गॉथिक भयपट, असं या तरुण लेखकाने छापून सांगितलं. २००८ची सुधारित आवृत्ती मिळाली तर ती घ्या.

आठवी पायरी: सिद्धान्त, पण घाई नको

स्टीफन किंग यांचं 'डान्स मकाब्र' (१९८१) गप्पांसारखं आहे, ते कधीही घ्या. नोएल कॅरल यांचं 'द फिलॉसॉफी ऑफ हॉरर' (१९९०) मात्र तत्त्वज्ञानाचं पुस्तक आहे. मराठी वाचकाला ते वाटतं तितकं परकं नाही. कॅरल यांच्या मते भयपटाची भावना म्हणजे भीती अधिक किळस, नुसती भीती नव्हे. नाट्यशास्त्रातले भयानक आणि बीभत्स हे दोन रस आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत; ते एकाच पात्रात मिसळले की कॅरलचा राक्षस तयार होतो. कॅरल क्लोव्हर यांचं 'मेन, विमेन अँड चेन सॉज' (१९९२) नंतरच्या काळातल्या सिनेमांचं आहे. 'फायनल गर्ल' (शेवटपर्यंत जिवंत उरणारी मुलगी) हा आता सर्रास वापरला जाणारा शब्द तिथलाच.

पुस्तकं मिळवायची कुठे

इंटरनेट आर्काइव्हवर मोफत खातं उघडून बरीच जुनी पुस्तकं वाचायला घेता येतात. 'मीडिया हिस्टरी डिजिटल लायब्ररी'त त्या काळची सिनेमा-मासिकं पानन् पान पाहता येतात, आणि 'लँटर्न' या तिच्या शोधयंत्रात सिनेमाचं नाव टाकलं की १९३१ सालची बातमी समोर येते. पुण्यात लॉ कॉलेज रस्त्यावर राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाचं ग्रंथालय आहे. जाण्याआधी वेळा आणि प्रवेशाचे नियम विचारून घ्या. परदेशात राहत असाल तर सार्वजनिक वाचनालयात दुसऱ्या ग्रंथालयातून पुस्तक मागवून देतात का, ते विचारा.

एक वही करा. डाव्या बाजूला पुस्तकातलं विधान, उजव्या बाजूला 'याला हे कसं कळलं?': डोळ्यांनी पाहिलं, कागद वाचला, मुलाखत घेतली, की दुसऱ्या पुस्तकातून उचललं. पहिल्या दोन पुस्तकांत हे जड जाईल, तिसऱ्यापासून हात आपोआप चालतो.

आणि आपल्याकडचं

या टप्प्यावर शाम्य दासगुप्ता यांचं रामसे बंधूंवरचं 'डोन्ट डिस्टर्ब द डेड' (२०१७) वाचा. १९७०चा 'एक नन्ही मुन्नी लडकी थी' पडला, पण मुखवटा घालून चोरी करायला आलेल्या पृथ्वीराज कपूरचं दृश्य बघायला लोक येत होते, हे भावांच्या लक्षात आलं. वडिलांनी मुलांना काश्मीरला हाऊसबोटीवर नेऊन जोसेफ मॅसेली यांच्या छायालेखनावरच्या पुस्तकातून धडे गिरवायला लावले. मग सगळं कुटुंब आणि मोजकी माणसं घेऊन ते महाबळेश्वरला गेले आणि 'दो गज जमीन के नीचे' (१९७२) करून आले. ल्यूटनच्या अटी वाचलेल्या असतील तर इथे त्या तुम्हाला लगेच ओळखू येतील.

वहीत या पुस्तकाच्या सालाभोवती वर्तुळ करा. तुलसी रामसे डिसेंबर २०१८मध्ये गेले, श्याम रामसे सप्टेंबर २०१९मध्ये.